मास्तरांनी ठेवलेला पंप

मास्तरांना आयुष्यात धावायची वेळ अशी आलीच नव्हती. तीस वर्षं दुकानात बसून लोकांच्या पँटी शिवल्या. पायांना व्यायाम काय तो शिलाई मशीनचा. पण बायकोनं मनावर घेतलं. डॉक्टर म्हणाले, "दमा आटोक्यात आहे, पंप जवळ ठेवा आणि खुशाल धावा." झालं! बाईंनी शहरातल्या अर्ध्या मॅरेथॉनला नाव दिलं. गेल्या वर्षी पंप सापडायला जरा उशीर झाला तर तिचे ओठ निळे पडले होते, ते मास्तर विसरले नव्हते. एकवीस किलोमीटर ही एकटी कशी जाईल, या धास्तीनं त्यांनीही नाव दिलं.

तयारी मात्र आपल्या पद्धतीनं केली. दोघांच्या कमरा आताशा एकाच मापाच्या. मग एकाच कागदी नमुन्यावर दोन निळ्या हाफ पँट कापल्या, आणि कापड वाचलं म्हणून वर खूशही झाले. दोन्हींना मागे बटणाचा खिसा. शर्यतीच्या सकाळी खुर्चीवरच्या पँटीत तिचा पंप घातला, दोरीवरच्या पँटीत आपल्या गुडघ्यासाठी बामाची डबी, बटणं लावली आणि हाक दिली, "अगं, पंप ठेवलाय गं!" ते ठेवलाय म्हणाले की ती पुन्हा बघत नसे. सत्तावीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

नवव्या किलोमीटरला मास्तरांचा गुडघा बोलायला लागला. ती पुढे जायची, थांबायची, वळून म्हणायची, "अहो, चला की!" चौथ्यांदा म्हणाली तेव्हा शेजारून जाणाऱ्या दोघीजणी हसल्या, आणि मास्तरांचं डोकंच फिरलं.

"एवढी घाई आहे तर जा ना एकटी! उगाच कटकट नकोय माझ्यामागे!"

ती एवढंसं तोंड करून निघून गेली.

घुश्शातच ते आणखी थोडं लंगडले आणि पाण्याच्या टेबलापाशी बाम काढायला म्हणून खिशाचं बटण उघडलं. हातात आला पंप.

तिनं दोरीवरची पँट घातली होती, आपण खुर्चीवरची. आपणच कापल्या, आपणच शिवल्या, आणि आपल्यालाच ओळखू आल्या नाहीत! कसला डोंबलाचा मास्तर!

मग ते धावले. गुडघ्यात कळा येत होत्या, येऊ देत. पाण्याचा पेला पुढे करणाऱ्याला त्यांनी धक्का दिला, कुणाच्या पायावर पाय दिला, कुणी शिवी हासडली. दिसेल त्या निळ्या पँटीमागे धावायचे आणि जवळ गेल्यावर ती परक्याच कुणाची तरी निघायची. "माझी बायको पाहिलीत का? बुटकी, केस पिकलेले," असं विचारत सुटले. लोक मान हलवून पुढे जात. देवा, तिला काही झालं तर मी घरी कुठल्या तोंडानं जाऊ? दोन किलोमीटरभर हेच.

वळणावर घोळका दिसला. ती फुटपाथवर बसली होती, खांदे वर-खाली होत होते, छातीतून शिट्टीसारखा आवाज. मास्तर गुडघ्यांवर कोसळलेच. पंप हलवला, तिच्या तोंडात धरला, दाबला. थांबले. पुन्हा दाबला. "घे गं, घे आत, घे." तिसऱ्यांदा दाबला तेव्हा कुठे थोडा श्वास आत गेला. तोवर ॲम्ब्युलन्स आली आणि तिला प्राणवायूचा मास्क लावून स्ट्रेचरवर घेतलं.

तिथली स्वयंसेवक मुलगी म्हणाली, "काका, या उलट दिशेनं, मागे पळत येत होत्या. आम्ही अडवलं तर म्हणाल्या, ते रागावले की पाणीसुद्धा पीत नाहीत, एकदा बघून येते. तेवढ्यात दम लागला."

मास्तर गाडीत चढायला गेले तर आतल्या माणसानं हात आडवा धरला.

"गर्दी नको. तुम्ही कोण यांचे?"

मास्तरांनी तोंड उघडलं, पण कोण म्हणून सांगायचं? तिला एकटी जा म्हणणारा?

तिनं मास्क जरासा बाजूला केला.

"माझे... आहेत," ती म्हणाली. "येऊ द्या त्यांना."