अक्कानं परत धाडलेली भाकर

माझी थोरली बहीण मार्था. आम्ही तिला अक्का म्हणायचो. कुणी कुणाची चहाडी घेऊन तिच्याकडं आलं, की ती चुलीपुढून मान वर न करता म्हणायची, "त्याचं पाप वगळून सांग." मंग माणसाला सांगायला काही उरायचंच नाही. बाया चहा पिऊन गुमान उठून जायच्या.

मी चौथी शिकलेला. जालन्याच्या एमआयडीसीत, सळईच्या कारखान्यात उमर घातली. लिहिता येतं तेवढं लिहितो. पण अशी बहीण साऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला नव्हती, हे मी कुणापुढंही सांगेन.

तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, दोन लेकरं तिच्या पदरात टाकून दुसऱ्या बाईसंगं निघून गेले. वाटूरच्या आमच्या चर्चच्या मंडळीनं यादीतून त्यांचं नाव कमी केलं. अक्कानं शाळेत खिचडी शिजवून लेकरं वाढवली. त्या माणसाचं नाव टाक, असं मी म्हणालो की म्हणायची, "देवाची माया कुंद्याच्या गवतावाणी असती. कितीबी खांदा, मुळी राहतीच. माझ्यातबी थोडी उतरली असंल."

लेकरांची लग्नं झाल्यावर एका दुपारी दाजी परत आले. आजारी, हातात कापडाची पिशवी. फोन आला तसा मी मोटारसायकल काढली. जाऊन बघतो तर दाजी पुढ्यात ताट घेऊन बसलेले.

"अक्का, ह्याला बाहेर काढ."

"तू जेवून आल्ता का तसाच पळत आलास?"

"हे माझ्या बहिणीचं घर हाय."

"बराबर. मंग बहिणीला वाढू दे की."

मी तिथं पाणीसुद्धा प्यालो नाही. दाजीशी बोलायचं नाही असं ठरवलं. आणि मी ठरवलेलं मोडत नाही.

आमच्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीनं सारे एका ताटातली भाकर खातात. मंडळीचे पंच भाकरीचं ताट घेऊन फिरतात. ज्याचं नाव कमी झालंय त्यानं आधी साऱ्यांपुढं उभं राहून पाप कबूल करायचं, मंग पाळक, म्हणजे आमचे पाद्री, मंडळीत परत घेतलं म्हणून त्याला उजवा हात देतात. त्याशिवाय भाकर नाही. दाजी यायचे, दाराशी चपलांजवळ बसायचे, पण कबुलीला उठायचे नाहीत. "मला माफी न्हाई," एवढंच म्हणायचे. अक्का म्हणायची, "ते ठरवणारे तुमी कोण?"

पहिल्याच महिन्यात ताट अक्कापुढं आलं. तिनं हात जोडून परत धाडलं. पुढच्या महिन्यात तर बायांची बाजू सोडून ती दाराशी नवऱ्याजवळ जाऊन बसली.

पाळक म्हणाले, "मार्थाबाई, तुमच्यावर कसला डाग आहे? तुम्ही का उपाशी राहता?"

"पाळकसाहेब, प्रभूनं आपल्याला वरून निस्ती हाक मारली का? खाली आला, आपल्यापाशी बसला. मी त्याचंच बघून करून राह्यले."

"पण माणसाला पापातून सोडवणं तुमच्या हातात नाही."

"बिलकुल न्हाई. सोडवणारा सोडवंल. मी निस्ती सोबतीला बसले."

मला तेव्हा छाती फुगवून बसावंसं वाटलं.

पुढं अक्काचं काळीज कमजोर झालं. डॉक्टरांनी आशा दिली नाही. लहानपणापासून त्या भाकरीसाठी जीव टाकणारी बाई भाकरीवाचूनच जाते का काय, याची मला धास्ती लागली. तिला लेकीच्या आधारानं चर्चला आणावं लागायचं. तरी ती दाराशीच बसायची.

अशाच एका रविवारी तिनं पुन्हा ताट परत धाडलं. दाजी चौकट धरून उठले.

"मी बायको टाकली. लेकरं टाकली. देवालाबी टाकलं. त्यानं मला टाकलं न्हाई." एवढं बोलले आणि रडायला लागले.

पाळक दारापर्यंत चालत आले. त्यांनी उजवा हात दिला. मंग एकेक जण येऊन हात देऊ लागला. उरलो मी. सारे माझ्याकडं बघत होते. मी उठलो, गेलो, हात पुढं केला.

अक्का हळूच म्हणाली, "कुणासाठी दिलास?"

"तुझ्यासाठी."

"मंग काढून घे."

मी हात काढून घेतला. पंच ताट घेऊन खोळंबले. अक्का माझ्याकडं बघत नव्हती, तिची नजर भाकरीवर होती. मला हात दिला तेव्हा प्रभूनं माझ्यात काय बघितलं होतं? सांगण्यासारखं काहीच नव्हतं. मी पुन्हा हात पुढं केला. या खेपेला तिनं काही विचारलं नाही, पंचांना ताट आणायची खूण केली.

पुढचं प्रभुभोजन यायच्या आत अक्का गेली. पण माझी बहीण भाकर घेऊन गेली, नवऱ्याबरोबर, एकाच ताटातली.