सगळ्यांच्या मोटारी एकदम

आमच्या गावातल्या पुरुषांना जगातल्या तेलाची फार काळजी. गाव धरणगावजवळचं, कापसाचं. पण टपरीवर चहा घेत आखातात कुठलं जहाज अडकलं, देशाला बाहेरून किती तेल आणावं लागतं, घरोघरी एसी आल्यावर वीज पुरणार कशी, यावर तासन् तास बोलतील. स्वतःच्या विहिरीवरचं एक यंत्र मात्र यांच्याच्याने काढवत नाही.

त्या यंत्राला आम्ही ऑटो म्हणतो. शेतीची वीज कधी येईल याचा नेम नाही, म्हणून प्रत्येकाने मोटारीला ऑटो बसवलेला. वीज आली की मोटार आपोआप चालू, माणूस टपरीवर मोकळा. पण मग शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, तो झटका डीपीला, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरला, सोसत नाही आणि ती जळते.

यंदा मे महिन्यात तेच झालं. इतरांचं भागलं असतं, त्यांना जेमतेम चाऱ्यापुरतं पाणी हवं होतं. मी मात्र हट्टाने केळी लावली होती. घरात ती कुणालाच नको होती. नवरासुद्धा 'तुझी केळी' म्हणायचा. घड भरत आले आणि पाणी तुटलं. नवऱ्याने जुनं डिझेल इंजिन बाहेर काढलं. ते एवढं डिझेल प्यायचं, की नवऱ्याने लवकरच हात टेकले आणि परत आखाताला शिव्या देत बसला.

माझं माहेर भुसावळचं. तिथल्या गच्चीवरून वीज केंद्राची धुराडी दिसतात. त्यावरून शेजारच्या मळ्यातले आबा मला चिडवायचे, "वहिनी, तुमना माहेरनी वीज कोठे अटकनी?" मला हसू येत नव्हतं. खालची पानं पिवळी पडून लोंबायला लागली होती.

शेवटी नवी डीपी आली. मी सगळ्यांना तिथे गोळा केलं आणि सांगितलं, ऑटो काढा, पाळीपाळीने मोटारी लावू. पहिली पाळी मला दिली. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनी काढलेच पाहिजेत म्हणून माझा नवरा तर इतरांना दरडावत होता, "बठ्ठासनी काढा बरं!"

दुसऱ्या दिवशी भर उन्हात मी विहिरीवर जाऊन थांबले. वीज आली. मी बटणाकडे हात नेला, तोच मोटार आपोआप सुरू झाली. चहूकडून मोटारींचा घरघराट उठला. पाइपातून पाणी धो धो पाटात पडलं आणि मला रडू फुटलं, कारण पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं. डीपीकडून मोठा आवाज आला आणि सगळं गप्प झालं.

मी स्टार्टरची पेटी उघडली. ऑटो जागच्या जागी होता. नवरा धावत आला, पेटीकडे बघून खाली मान घालून म्हणाला, "माले वाटनं बठ्ठा काढतीन. मंग मन्हा एकनी काय फरक पडनार शे?"

डीपीपाशी माणसं जमली होती. तिथला प्रत्येकजण हेच सांगत होता. आबासुद्धा. मी संतापाने तिथून निघाले आणि केळीत आले.

पाटातलं पाणी केळीच्या पहिल्या झाडापर्यंतही गेलं नव्हतं. वाटेतच मातीने ते पिऊन टाकलं.