अंजनाच्या हातावरची कडी

धर्मापुरीच्या माळावर मेंढरं पांगली की अंजना बाभळीखाली बसायची आणि तिला जागेपणीच स्वप्नं पडायची. नजर मेंढरांवर असायची, पण मांडीवरचे हात आपोआप हलत राहायचे. गावातली किती तरी बाळं त्या हातांनी तेल लावून चोळली होती. पायांवर घेतलेलं उघडं लेकरू, टाळूवर जिरणारं कोमट तेल, शेक-धुरीनंतरची त्याची गाढ झोप, हे सगळं माळावरच्या वाऱ्यात तिच्याभोवती तरंगत असायचं.

एका हिवाळ्यात तिच्या उजव्या हाताच्या पाठीवर बारीक पुटकुळ्यांचं एक गोल कडं उठलं. कड उंच, मधली कातडी साफ. खाज नाही, कोंडा नाही. पुढं मनगटावर दुसरं आलं, डाव्या हातावर तिसरं. उन्हात हात धरून ती बघत बसायची. तळ्यात खडा पडावा आणि पाणी तसंच थिजावं, तसं तिला वाटायचं.

"नायटा हाय," नवरा म्हाळू म्हणाला. मांजरसुंब्याला मेंढरं विकायला गेला तेव्हा त्यानं एका दुकानातून मलमाची ट्यूब आणली. अंजनानं ती दोन्ही हातांना सगळीकडं चोपडली. कडी फिकी झाली आणि पुन्हा वर आली. कातडी मात्र पातळ, लालसर झाली.

त्याच दिवसांत वनमालाआक्काच्या घरी नातू झाला. अंजना वाटीत तेल घेऊन गेली, तर आक्का दारातच उभी राहिली.

"अंजना, हातावर काय गं ते? लेकरू लई नाजूक हाय. राहू दे आता."

"बरं आक्का," एवढंच बोलून ती फिरली. त्यानंतर तिला कुणीच बोलावलं नाही. माळावर डोळा लागला की दिसायचं, पायांवर बाळ आहे, तेल कोमट आहे, आणि आपल्याला हातच नाहीत.

सून धनश्रीला दिवस गेले होते. एका सकाळी ती म्हणाली, "आत्या, अंबाजोगाईला माझ्या तपासणीला चला. तुमचे हातबी दाखवू."

तिथल्या डॉक्टर सुकन्यांनी भिंग लावून कडी पाहिली, त्यावरून बोट फिरवलं. बधिर करून कातडीचा तिळाएवढा तुकडा तपासायला काढला, रक्तातली साखरही पाहिली. निकाल आला तेव्हा त्यांनी सासू-सुनेला समोर बसवलं.

"मावशी, हा नायटा नाही. याला ग्रॅन्युलोमा अ‍ॅन्युलेअर म्हणतात. हा आजार क्वचितच कुणाला होतो."

"मला कावून झाला मग?"

"नक्की कुणालाच सांगता येत नाही. शरीराची राखण करणारी ताकद आपल्याच कातडीवर उठते. कुणाला किडा चावल्याचं निमित्त होतं, कुणाला काटा लागल्याचं, कुणाला कशाचंच नाही. तुमची साखर ठीक आहे."

अंजनानं धीर करून विचारलं, "लेकराला लागंल का?"

"नाही. यात जंतूच नाहीत. कुणालाच लागत नाही."

अंजनाच्या कानात पुढचं काही शिरेना. धनश्रीनंच नीट ऐकून घेतलं: जुनी ट्यूब बंद. पातळ झालेली कातडी आधी सावरू द्यायची. मग नवं मलम फक्त उंच कडेवर, दिवसातून दोनदा, अगदी पातळ. मधल्या साफ कातडीला नाही. काही आठवड्यांनी पुन्हा दाखवायचं. मलमाचा हात बाळाला लावायचा नाही, आधी साबणानं धुवायचा. आणि कडी जायला महिने लागतील, कधी वर्षंही.

अंजना उन्हात बसून बोटाच्या टोकानं कडेकडेनं मलम फिरवायची, जणू झोपलेल्या कुणाच्या भुवईवरून. डाव्या हातावरचं कडं विरलं. मनगटावरचं तुटून अर्धं झालं. उजव्या हातावरचं मात्र हललं नाही.

धनश्रीला मुलगी झाली. घरी आली त्याच दिवशी तिनं बाळ सासूच्या पायांवर ठेवलं. अंजनानं उजवा हात पदराखाली घेतला. "आत्या, चोळा ना," धनश्री म्हणाली.

ते गावात कळलं. एका दुपारी वनमालाआक्का नातवाला कडेवर घेऊन आली.

"रातभर रडतंय गं. पोट धरलं असंल. बघतीस का?"

अंजनानं उजवा हात पुढं केला. "आक्का, एक कडं हाय अजून. डॉक्टरीण म्हणली, कुणाला लागत न्हाई."

आक्कानं त्या हाताकडं पाहिलं, मग खाली बघितलं. "धनश्रीनं सांगितलं मला. तवा मी उगंच भ्याले."

अंजनानं पाय लांब केले आणि लेकरू मागितलं.