फरशीवरचे वाल

कशेळ्याजवळच्या ज्या बंगल्यावर मी स्वयंपाक करते, तिथं एक आजारी बाई नवऱ्यासोबत हवापालटाला आली होती. डॉक्टरांनी तिला दिवाळीपर्यंतचीच आशा दिली होती, आणि त्याआधी तिला युरोप बघायचा होता.

मी बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलायला बसले की तीही शेजारी यायची. दोन बोटांनी चिमटून दाणा बाहेर काढायची. पहिल्या दिवशी तिने पाच दाणे फरशीवर लांब लांब मांडले. "हे पॅरिस, हे रोम..."

मग रोज उरलेली गावं पुन्हा मांडायची आणि त्यातला एखादा दाणा उचलून टोपात टाकायची. "रोम काढलं गं. नुसतं जाण्यातच दिवस जातो."

बाहेरून नवरा विचारायचा, "तिकिटं काढू का?"

"थांबा हो, अजून गावं गळतायत!"

शेवटी पॅरिस उरलं. त्या दिवशी स्वयंपाकघरापर्यंत येताना ती दोनदा भिंतीला टेकली.

"एक तरी व्हईल की, ताई," मी म्हणाले.

तिने तो दाणा बराच वेळ बोटांत फिरवला आणि माझ्या हातावर ठेवला. "टाक बिरड्यात."

जेवताना नवऱ्याने दोनदा बिरडं मागून घेतलं आणि पुन्हा तिकिटांचं विचारलं. ती त्याच्या ताटातल्या बिरड्याकडे बघत राहिली. मी खाली मान घालून वाढत होते.