कणकेच्या अळ्या

थोरलीच्या शाळेतून चित्रांचं एक पुस्तक घरी आलं. चिमणी घरटं बांधते, अळ्या शोधून आणते, पिल्लाला भरवते, एवढीच गोष्ट. पण नुसती वाचून भागणार नव्हतं. मुलांनी ती हाताने करून बघायची, खेळायची, आणि आईने त्याचे फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकायचे. पोरं शाळेची आणि ॲक्टिव्हिटी आमच्या, असा सगळा कारभार. मी कुरकुरत का होईना, तयारीला लागले.

उसाचं वाळकं पाचट बांबूच्या पाटीत घालून घरटं केलं. जुनी ओढणी फाडून पंख केले. अळ्यांसाठी कणीक तुपावर भाजली आणि गुळाच्या पाण्यात मळली, कारण धाकटी दिसेल ते तोंडात घालते. खाल्ली तरी बिघडणार नाही, या माझ्या हुशारीवर मी खूश होते. पाच वर्षांची थोरली चिमणी झाली, अडीच वर्षांची धाकटी पिल्लू होऊन पाटीत बसली.

बाहेरच्या सोप्यात सासूबाई विड्या वळत होत्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. निपाणीत आमच्या गल्लीत यात सांगण्यासारखं काही नाही. नळाला पाणी आलं म्हणून त्या सूप बाजूला ठेवून उठल्या आणि मी फोटो काढून भाजी फोडणीला टाकायला आत गेले.

थोड्या वेळाने धाकटीला उलटी झाली. गूळ बाधला असेल, असं मला वाटलं. तोंड पुसेपर्यंत दुसरी झाली. मग ती घामाने भिजली, तोंडातून लाळ गळू लागली आणि मान माझ्या खांद्यावर पडली. तिच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता. पण आमच्या घरात अंथरूण-पांघरुणालाही तोच वास, त्यामुळे माझ्या नाकाला त्यात वेगळं काहीच वाटलं नाही.

सासूबाई घागर घेऊन आल्या आणि त्यांची नजर पाटीत गेली. उरलेली एक अळी त्यांनी उचलून हुंगली आणि तिथंच खाली बसल्या. "ह्येला तंबाखू लागलाय गं," एवढंच म्हणाल्या. पुस्तकातली अळी काळ्या ठिपक्यांची होती. आमच्या अळ्यांना ठिपके नव्हते. थोरलीने त्या सुपात घोळवल्या होत्या, तिळात लाडू घोळवावा तशा.

रिक्षात मी धाकटीला छातीशी धरलं होतं आणि तिचा श्वास चालू आहे का, हे पुन्हा पुन्हा बघत होते. रिक्षा इतकी हादरत होती की तो तिचा श्वास की खड्ड्याचा हादरा, कळत नव्हतं. थोरली सासूबाईंच्या मांडीवर गप्प बसली होती. ती भेदरली असेल, असं मी धरून चालले.

डॉक्टरांनी धाकटीला सलाईन लावलं आणि पहिला प्रश्न विचारला, किती खाल्लं? त्यावर सगळं अवलंबून होतं. मी थोरलीला विचारलं. ती फरशीकडे बघत राहिली. पुन्हा विचारताना माझा आवाज चढला. सासूबाईंनी चॉकलेटचं आमिष दाखवलं, तरी तोंड उघडेना. डॉक्टर म्हणाले, असं दरडावून ती सांगणार नाही, दुसरं काहीतरी करून बघा. माझ्या मनात तिला धरून गदागदा हलवावं असं आलं. त्या वेळी मला माझीही भीती वाटली.

मग मी दवाखान्याच्या बोळातच उकिडवी बसले, हात अंगाशी घेतले आणि तोंड वासलं. "चिमणीबाय, मला भूक लागलीया. बारकीला दिलंस तसं मला बी दे की."

ती पुढं आली आणि रिकामी चिमूट स्वतःच्या तोंडात घातली. चावल्यासारखं केलं, तीच चिमूट माझ्या तोंडाशी आणली. दुसरी चिमूटही आधी तिच्या तोंडात, मग माझ्या. तिसरीचंही तेच.

"तू का खातीस गं?" मी विचारलं.

"चिमणी आधी चावती, मग देती."

तेव्हा कुठं मी तिच्याकडे नीट बघितलं. ओठ पांढरे पडले होते, कपाळ ओलं होतं आणि डाव्या हाताने तिने पोट दाबून धरलं होतं. मी तिला उचलून आत पळाले. धाकटीने खाल्लेलं बहुतेक सगळं उलटून पडलं होतं. हिचं सगळं पोटातच होतं. एकाच खाटेवर दोघी, एका बाजूला एक सलाईन, दुसऱ्या बाजूला दुसरं. आणि मधे मी, कुणाचा हात धरावा हे न कळून उभी.

संध्याकाळी धाकटीने दूध मागितलं. थोरलीला दोन-तीनदा उलट्या होऊन गेल्या आणि डॉक्टर म्हणाले की आता काळजी नाही. मी खाटेच्या कडेला टेकले, तिच्या केसांतून हात फिरवला आणि विचारलं की इतकं मळमळत होतं, तर सांगितलं का नाहीस.

"मी आई झालेली की," ती म्हणाली. "आई कुठं सांगती, मला बरं न्हाय म्हणून."