डाळीचा नकाशा

“बंद आहे तो! बंद! कोणाला वेड्यात काढतेस?”

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचे सर माझ्या डोक्यावर उभे राहून ओरडत होते. सरांच्या कमरेला चाव्यांचा एवढा मोठा जुडगा, की जळगावातल्या अर्ध्या सराफांनी तिजोऱ्या त्यांच्याच भरवशावर सोडल्या असाव्यात. एरवी ते जिन्यात असले तरी मला कळायचं. त्या दिवशी कळलं नाही. कानांवर हेडफोन होते. मी जमिनीखाली भुयारात होते.

“बघा रे सगळे! ही बाई बंद कॉम्प्युटरसमोर टायपिंग करतेय! वर हसतेय!”

हेडफोन कोणीतरी ओढला. माझे चार केस त्याच्याबरोबर गेले. लॅबमध्ये पस्तीस जण असतील. हसले साडेतीनशे जणांचं. मग सरांचा हात माझ्या मांडीवर ठेवलेल्या पुठ्ठ्याला लागला.

“आणि हे काय? डाळ? इथं स्वयंपाक मांडलास का?”

फाडला. आधी मधोमध, मग आडवा. फरशीवर दाणे उडाले, टपटप, टपटप, पार दारापर्यंत. आणि शेवटी त्यांनी भिंतीतला प्लग उपटला. बंद असलेल्या कॉम्प्युटरचा प्लग. हे त्यांना विचारायला हवं होतं तेव्हाच, की सर, बंद आहे तर उपटता काय? पण तेव्हा माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. माझ्या तोंडातून! जी मी बोलायला लागले की शेजारची कुत्री गप्प बसतात, तिच्या.

मी जन्मापासून आंधळी आहे. कॉम्प्युटर माझ्या कानात बोलतो. पडद्यावर जे येईल ते वाचून दाखवतो. मग मॉनिटर मला कशाला? कॅलेंडर लटकवायला? मी आले की पहिलं बटण मॉनिटरचं बंद करायची, दुसरं मशीनचं चालू. रोज. सहा महिने. हे लॅबमधल्या एकाही डोळ्यांच्या धन्याच्या लक्षात आलं नव्हतं. पडदा काळा दिसला की त्यांच्या लेखी कॉम्प्युटर मेला. आणि त्याच्यासमोर बसलेली आंधळी म्हणजे वेडी.

आता खेळाचं सांगते.

पहिलं अख्खं सत्र मी त्या लॅबमध्ये नुसती हजेरी होते. सर म्हणायचे, “तू बस, तुझी प्रॅक्टिकल मदतनीस करेल.” मदतनीस म्हणजे वर्गातली जी कोणी मोकळी असेल ती. ती टाइप करायची, मी पंख्याखाली वारा खायचे. चांगले गुण पडले मला. वारा खाण्यात मी जिल्ह्यात पहिली आले असेन.

मग फोनवर आमच्यासारख्यांचा जो कट्टा जमतो, तिथे धुळ्याचा एक दादा भेटला. तोही माझ्यासारखाच आंधळा. म्हणाला, “जुने खेळ खेळशील? चित्रंच नाहीत त्यात. नुसता मजकूर.” त्याने खेळ आणि पडदा वाचून दाखवणारा आवाज भरलेला पेनड्राइव्ह एसटीने येणाऱ्या एका मावशीच्या हाती पाठवला. वर निरोप, “मेलीस तर घाबरू नको. पुन्हा सुरू कर.”

चाळीसेक वर्षांपूर्वीचे खेळ. कॉम्प्युटर इंग्रजीत सांगतो, तुम्ही दगडी खोलीत उभे आहात. उत्तरेला दार आहे. जमिनीवर कंदील पडलाय. एवढंच. पुढे काय करायचं ते तुम्ही टाइप करायचं. कंदील उचल. उत्तरेला जा. दार उघड. बरोबर लिहिलं तर पुढची खोली, चुकलं तर सरळ सांगतो, मला हे समजलं नाही. बस्स. अरेरे म्हणत नाही. बिचारी म्हणत नाही. माझा हात धरून मला नको असलेल्या रस्त्याच्या पलीकडे नेऊन सोडत नाही.

आणि एक गोष्ट मला तिसऱ्या दिवशी समजली तेव्हा मी खुर्चीतच ताठ झाले. हा खेळ डोळेवाले खेळले, त्यांनाही ती खोली दिसलेली नाही. त्यांनाही तेवढेच शब्द मिळाले जेवढे मला. कमी नाही, जास्त नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी सगळ्यांच्या बरोबरीने एका दारात उभी होते.

मग काय, सुटलेच. मदतनीसाची वाट न बघता रोज एकटीच मशीनवर बसायला लागले. सुरुवातीला आवाज बैलगाडीच्या चालीने ठेवला होता. वाढवत वाढवत असा केला, की त्या वेगाने मिरची कुटली तर खानदेशाचं वर्षाचं तिखट एका दुपारी होईल. इंग्रजी तिथेच शिकले. की-बोर्डवर बोटं तिथेच बसली. सहा महिन्यांत सरांनी जे शिकवलं नाही ते एका भुताटकीच्या भुयाराने शिकवलं.

पण भुयारात वाट लक्षात ठेवायला नकाशा लागतो. डोळेवाले कागदावर चौकोन काढतात. माझी माय दाळमिलमध्ये डाळ निवडायला जाते. आम्ही अमळनेरकडचे, आमच्या बोलीत ळ चा य होतो, डाळीला आम्ही दाय म्हणतो. रावेरहून येणाऱ्या केळीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. कणकेची खळ केली. खोली म्हणजे हरभऱ्याची डाळ. दार म्हणजे मूग. दोन खोल्यांमधली वाट म्हणजे पोत्याचा दोरा. आणि जिथे मी मेले, तिथे वाटाणा. पहिल्या महिन्यात पुठ्ठ्यावर एवढे वाटाणे झाले, की माय बोटं फिरवून म्हणाली, “हाऊ खेय शे का उसय शे?”

पण तिनेच मला सांगितलं की मुगाला खळ थोडी जास्त लाव, गोल असतो, घरंगळतो. तीस वर्षं डाळ हाताळलेली बाई. रात्रपाळी नसली की माझ्या शेजारी बसून विचारायची, “आज किती दारं उघाडात?”

एक्काहत्तर खोल्या चिकटवल्या मी. शेवटचा होता भुलभुलैया. बारा खोल्या, सगळ्यांचं वर्णन अगदी एकसारखं, शब्दाला शब्द. तिथे लोक खेळ सोडून देतात म्हणे. धुळ्याच्या दादानेही सोडला होता. मी सोडला नाही. प्रत्येक खोलीत एकेक वस्तू टाकत गेले, ओळख म्हणून, आणि पुठ्ठ्यावर दोरा ताणत गेले. तीन आठवडे. आणि त्या दिवशी, दुपारी, लॅबचा मोकळा तास होता, बाराव्या खोलीतून दार सापडलं. मी आत पाऊल टाकलं. खेळाने आपलं शेवटचं हत्यार काढलं. म्हणाला,

कंदील विझला. आता तुम्हाला काहीही दिसत नाही.

मी हसले. हसले कसली, फुटलेच. म्हटलं, बाबा रे, एवढंच? ह्याचीच भीती घालत होतास का इतके दिवस?

तेव्हा सर ओरडले, “बंद आहे तो!”

माझ्या मागच्या बाकावर दोघं जण क्रिकेट बघत होते, हेडफोन निघाल्यावर आवाज मला ऐकू येत होता. कोपऱ्यात कोणीतरी कोणाच्या तरी लग्नाचे फोटो मोठमोठ्याने वाखाणत होती. त्यांना काही नाही. बरं, मला म्हणाले असते, लॅबमध्ये खेळ खेळतेस, लाज नाही वाटत? तर मी मान खाली घातली असती. चूक ती चूक. पण त्यांनी मला साधा गुन्हासुद्धा करू दिला नाही. माझ्या हातून काहीतरी होऊ शकतं, हेच त्यांना मान्य नव्हतं.

मी फरशीवर बसले, दाणे चाचपडत. तर कोणीतरी म्हणालं, “अगं राहू दे, दिसत नाही तुला.”

दुसऱ्या दिवशी प्राचार्य मॅडमनी बोलावलं. मॅडमचा आवाज इतका गोड, की मुंग्या लागायची भीती. केबिनमध्ये सर होते, चाव्या वाजल्या. शिपाई नानाही होते. लॅब झाडायचं काम त्यांचंच, आदल्या दिवशी ते लॅबमध्येच होते.

“बेटा, एक छोटंसं पत्र आहे,” मॅडम म्हणाल्या. “वाचून दाखवते. मी बंद संगणकासमोर बसून वेळ वाया घालवला व प्रयोगशाळेत अन्नपदार्थ आणले, याबद्दल क्षमस्व. यापुढे डोळस मदतनीसाशिवाय प्रयोगशाळेत येणार नाही.”

“मॅडम, कॉम्प्युटर चालू होता.”

“पडदा काळा होता,” सर म्हणाले.

“मॉनिटर बंद होता. मशीन चालू होतं. नानांना विचारा. ते माझ्या बाजूलाच झाडत होते. मशीनचा पंखा घरघरत असतो.”

मॅडमनी विचारलं. नाना म्हणाले, “माझं लक्ष नव्हतं, मॅडम.”

नानांची नोकरी सरांच्या शेऱ्यावर चालते. मला ठाऊक आहे.

“चल, आता वाढवू नकोस,” मॅडम म्हणाल्या, आणि टेबलावर काहीतरी सरकलं. पत्र्याच्या डबीचं झाकण उघडल्याचा आवाज. शाईचा वास. सरांनी माझं मनगट धरलं, काही न विचारता, आणि अंगठा पॅडवर दाबला. गार, ओला. वर नेऊन कागदावर टेकवणार, तेवढ्यात मी मूठ मिटली. अंगठा आत, चार बोटं वर.

“मला सही येते,” मी म्हटलं. “शाळेपासून येते. कोणी विचारलं नाही.”

“मग सही कर.”

“करणार नाही.”

सर माझी मूठ उघडायला बघत होते. जोर लावला त्यांनी. मी आमच्या मायची पोर, माय डाळीचं पोतं ओढते. बैलजोडी लावली असती तरी ती मूठ उघडली नसती.

“मला माफी नको,” मी म्हटलं. “नकाशाची भरपाई नको. सरांनी लॅबमध्ये उभं राहून, त्याच पस्तीस जणांसमोर, एक वाक्य म्हणावं. कॉम्प्युटर चालू होता. एवढंच.”

“मला जे दिसलं ते मी बोललो,” सर म्हणाले.

“तेच सांगतेय, सर. तुम्हाला दिसलं नाही.”

मग मॅडमचा आवाज आला, आणि त्यातली साखर पार संपलेली होती. “पत्र नाही तर लॅब नाही. लॅब नाही तर प्रात्यक्षिकाचे गुण नाहीत. वर्ष जाईल तुझं. विचार कर.”

विचार मी तिथेच केला. दोन श्वास लागले. आजवर मला किती जणांनी उचलून बाजूला ठेवलं. बसच्या मागच्या सीटवर, लग्नाच्या मांडवात कोपऱ्यात, परीक्षेत लेखनिकाच्या मागे. आणि दर वेळी मी आभार मानले. आभार मानण्याची मला इतकी सवय होती, की कोणी पायावर पाय दिला तरी थँक्यू निघायचं. ह्या पत्रावर अंगठा दिला असता, तर त्या पस्तीस जणांचं हसणं खरं ठरलं असतं. बंद कॉम्प्युटर, वेडी मुलगी, आणि खाली तिचाच निळा अंगठा.

“जाऊ द्या वर्ष,” मी म्हटलं. “मी उद्या लॅबच्या दारात येते. परवाही येते. ते वाक्य ऐकू येईपर्यंत येते.”

तिथल्या तिथे, व्हरांड्यात उभी राहून, फोनवर त्याच एका वाक्याच्या मागणीचा अर्ज टाइप केला. मॅडमना एक, विद्यापीठाला एक. कोणी मदतनीस नव्हती. माझी काठी खांबाला टेकवून ठेवली होती, तीही ऐकत होती.

नाना मागून आले. हातात कागदाची पुडी कोंबली, आत डाळीचे दाणे खुळखुळले. हळूच म्हणाले, “पोरी, बठ्ठी येचेल शे. एक बी दाना सोडेल नही.”

“मघाशी तोंड का उघडलं नाही, नाना?”

ते झाडू घेऊन गेले. पुडी मी घेतली. माफ मात्र केलं नाही, अजून केलेलं नाही.

घरी माय नुकतीच आली होती. तिच्या अंगाला डाळीच्या भुशाचा वास येतो, त्यावरूनच मला ती दिसते. मी सगळं सांगितलं. ओरडणं, हसणं, पुठ्ठा, पत्र. मग तिने माझा हात ओढून घेतला आणि अंगठ्यावरची शाई तिच्या खरबरीत बोटांनी घासून पाहिली.

“आंगठा दिधा का?”

“नही.”

पुडी तिने घेतली, सुपात ओतली. सवयीने बोटं फिरवली तिने दाण्यांतून, खडे बाजूला काढले. मी म्हटलं, “माय, नकाशा नवा करसू. बठ्ठा. पहिल्या खोलीपासून.”

सूप जरासं हललं.

“पहिले कोनती दाय लागी?” माय म्हणाली.