काकांची धुण्याची पावडर

चिमूटभर पावडर तळहातावर घ्यायची, अंगठ्याने रगडायची आणि तो हात समोरच्या बाईच्या नाकाजवळ नेऊन म्हणायचं, "फेस नका पाहू, मळ पाहा!" नाशकातल्या आमच्या सातपूरच्या कॉलनीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांची ही रीत. आता तळहातावर कुठला आलाय मळ? पण बाई बिचारी वाकून बघायची आणि काका खूश व्हायचे.

काका मूळचे नामपूरकडचे. आयुष्यभर नाशकात शिफ्टा केल्या, पण बोलण्यातला 'आहे'ऐवजीचा अहिराणी 'शे' काही सुटला नाही. कारखान्यातलं त्यांचं खातं बंद झालं आणि ते घरी बसले. मूलबाळ नव्हतं. घरखर्चाला पहिली कात्री लावली ती धुण्याच्या पावडरीला. "पुड्यात निम्मी पावडर शे, निम्मी जाहिरात. जाहिरातीने का कपडे निघतात बाई?" मी शाळेत शिकवते म्हणून ते मला बाई म्हणायचे.

मग काय, साबणाच्या वड्या आणायच्या, किसणीवर किसायच्या, धुण्याचा सोडा मिसळायचा आणि गच्चीवर चादर अंथरून वाळवायचं. किसणी अर्थात काकूंची. एका संक्रांतीला काकूंनी आमच्याकडे गाजराचा हलवा पाठवला. आमच्या ह्यांनी एक घास घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, "चव छान आहे, पण फेस येतोय." हे काकांना कळलं तेव्हा ते पोट धरून हसले आणि दुसऱ्या दिवशी रविवार कारंज्यावरून नवी किसणी घेऊन आले.

हळूहळू कॉलनीतल्या बायका पावडर मागायला लागल्या. एकीने तक्रार केली, "काका, यात निळे दाणे नाहीत हो." काकांनी मिठाला नीळ लावली आणि दाणे घातले. पण पुडा देताना प्रत्येकीला सांगायचे, "ते निळं दिसतंय ना, ते मीठ शे. काही करत नाही. तुमच्या डोळ्यांसाठी टाकलंय." असा माणूस धंदा काय करणार, सांगा!

दुसरी गोष्ट ते सांगायचे ती पाण्याची. "नळाचंच पाणी घ्या. बोअरच्या पाण्यात यातला साबण नासतो, दुधासारखा." पुडा दहाव्यांदा नेणारीलाही हे ऐकावंच लागायचं.

त्या वर्षी आमच्या बचत गटाने ठरवलं, की दिवाळीपासून काकांची पावडर गटातर्फे विकायची. काकांसाठी ती साधी गोष्ट नव्हती. गावाकडून धाकट्या भावाचा सारखा निरोप येत होता, की नाशकात भाडं भरत कशाला बसता, इथे या, कांद्याच्या चाळीवर लक्ष ठेवा. काका एकदा जिन्यात मला म्हणाले, "भाऊ चांगला शे बाई. पण त्याच्या घरी मी पाहुणाबी नाय आन मालकबी नाय. गटाचं जमलं तर मी नाशकातच राहतो."

आणि मग माझं ते धुणं. शनिवारी नळाला पाणी आलं नाही. सोमवारी शाळेत कार्यक्रम होता, मोतिया रंगाची साडी नेसायची होती. मी बोअरचा नळ सोडला. फेस येईना. आता तुम्हीच सांगा, फेसाशिवाय धुतल्यासारखं वाटतं का? मी आणखी तीन मुठी पावडर टाकली. साडी बाहेर काढली तर तिचं पोतेरं झालेलं. राखाडी, चिकट, जागोजागी डाग.

बोअरचं मला आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण राग आधी आला. फोटो काढला आणि बायकांच्या ग्रुपवर टाकला: काकांच्या पावडरीने साडीची वाट लागली, सगळ्यांनी जपून.

संध्याकाळी काका खाली आले. बचत गटाच्या चार जणी माझ्याकडेच बसल्या होत्या. काकांनी साडीचा पदर बोटांत धरून रगडला, वास घेतला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, पाणी नळाचंच होतं ना?"

मी म्हणाले, "हो. नळाचंच. काल भरून ठेवलेलं."

का म्हणाले? चार जणी बघत होत्या म्हणून. फोटो टाकून बसले होते म्हणून. लाज वाटते, पण तेवढंच कारण.

काकांनी साडीची घडी घातली. "मग माझंच काहीतरी चुकलं," म्हणाले आणि साडी घेऊन गेले. दोन दिवसांनी परत आणून दिली ती स्वच्छ, इस्त्री केलेली. "लिंबाच्या पाण्यात ठेवली होती," एवढंच बोलले. मी थँक्यू म्हणाले. तोंड उघडायला याहून चांगली वेळ कुठली होती? पण मी थँक्यू म्हणून दार लावलं.

पुडे एकेक करून वर परत गेले. बचत गटाने दिवाळीला उटणं विकलं. तुळशीच्या लग्नानंतर काका-काकूंचं सामान टेम्पोत चढलं आणि ते नामपूरला गेले.

या वर्षी सटाण्याला एक लग्न होतं, तिथून मी वाट वाकडी करून त्यांच्याकडे गेले. काका नव्हते. वर्ष झालं होतं जाऊन, आम्हाला कोणी कळवलंही नव्हतं. काकू ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि सांगून टाकलं, "काकू, त्या दिवशी पाणी बोअरचं होतं."

"माहीत व्हतं त्यांना," काकू लसूण सोलतच म्हणाल्या. "नळाच्या पाण्याने असे डाग पडत्यात का? हात लावल्या लावल्या कळलं. बोअरच्या पाण्याचे डाग लिंबानेच निघत्यात, म्हणून तर लिंबू पिळलं."

"मग बोलले का नाहीत?"

"म्हणाले, बाई पोरांना शिकवते, चार जणींसमोर तिला खोटं कसं पाडू? ती आपणहून सांगेल." काकूंनी सालं गोळा केली. "दिवाळीपर्यंत वाट पाहिली त्यांनी. जिन्यात कोणाचं पाऊल वाजलं की म्हणायचे, बाई आल्या वाटतं."

मला तिथे रडूही धड आलं नाही. कोणत्या तोंडाने रडणार?

घरी येऊन मी ग्रुपवर सगळं लिहिलं. पाणी बोअरचं होतं, काकांची काहीही चूक नव्हती, खोटं मी बोलले होते. तिघींनी जोडलेले हात पाठवले. तळमजल्यावर नव्याने राहायला आलेल्या एकीने विचारलं, "कोणते काका?"

मी लिहीत होते, तेवढ्यात दुसरीचं उत्तर आलंसुद्धा: "अगं, वरच्या मजल्यावर राहायचे ते. ज्यांच्या पावडरीने साड्या खराब व्हायच्या."